मूत्रपिंडाची कानटोपी

सोनोग्राफीच्या खोलीत दिवा मंद, पोटावर गारेगार जेल आणि आईचे डोळे पडद्यावर. तिला बाळाचं नाक बघायचंय. पण प्रोब जरा तिरका झाला, की बाळाच्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक चिमुकला त्रिकोण दिसतो. कड गडद, मधोमध उजळ पट्टा. ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी. पाठ्यपुस्तकात हिला अधिवृक्क म्हणतात. दवाखान्यात हा शब्द कुणाच्या तोंडी ऐकलेला आठवत नाही.

मोठ्या माणसात ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढी असते. जन्मताना मात्र चक्क एक तृतीयांश! तीन किलोच्या बाळाच्या दोन्ही ग्रंथी मिळून सुमारे ८ ग्रॅम भरतात, म्हणजे जवळजवळ आईच्या असतात तेवढ्याच. आपल्या मूत्रपिंडावर नुसती टोपी, बाळाच्या मूत्रपिंडावर पार कानटोपी.

एवढा पसारा कशाला? यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग फक्त पोटातल्या मुक्कामापुरता असतो. गरोदरपणात वार भरपूर इस्ट्रोजेन बनवते, पण त्याचा कच्चा माल तयार करायला लागणारं एक एन्झाइम तिच्यापाशी नसतं. त्या मालाचा मोठा वाटा बाळाची ही ग्रंथी पुरवते. बाळ आत आयतं खाऊन झोपतं, असं आपण समजतो. ते तर कामाला जुंपलेलं असतं!

कळा कधी सुरू व्हायच्या, यातही या ग्रंथीचा हात असावा. न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात मेंढीच्या पोटातल्या कोकरालाच कॉर्टिसॉल हे अ‍ॅड्रिनलचं संप्रेरक दिलं, तर मेंढी वेळेआधी व्यायली. माणसात गणित इतकं सरळ नाही. तरी २००७च्या सुमारास येल विद्यापीठातल्या डॉक्टरांना दिसलं, की अकाली कळा सुरू झालेल्यांपैकी ज्या लवकर बाळंत झाल्या, त्यांच्या बाळांची ही ग्रंथी वजनाच्या मानाने मोठी होती. पुढे मधल्या उजळ पट्ट्याची, म्हणजे त्या तात्पुरत्या भागाची, जाडी भागिले पूर्ण ग्रंथीची जाडी, असंही माप घेऊ लागले. सगळा मिलिमीटरांचा खेळ. बाळाने कूस बदलली, फासळीची सावली पडली, की पुन्हा पहिल्यापासून. नेहमीच्या तपासणीत हे माप अजून घेत नाहीत.

जन्मानंतर तो तात्पुरता भाग विरघळू लागतो. काही आठवड्यांतच ग्रंथी निम्म्यावर येते. बारशाला बाळाला कानटोपी घालून पाळण्यात ठेवतात, तेव्हा आतली उतरायला लागलेली असते.