तीन मीटर तांब्यापलीकडे : घरगुती स्प्लिट एसी बसवण्याचा खरा खर्च

फ्रिज किंवा वॉशिंग मशीन कारखान्यातून निघते तेव्हा ते पूर्ण झालेले असते आणि घरी आल्यावर त्याची पिन सॉकेटमध्ये घातली की काम सुरू होते. स्प्लिट एसीचे तसे नाही. या यंत्राचा एक भाग खोलीत असतो, दुसरा भिंतीबाहेर, आणि दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून प्रशीतक, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतला ‘गॅस’, सतत फिरत असतो. हे बंद अभिसरण कारखान्यात पूर्ण होतच नाही. ते ग्राहकाच्या भिंतीवर, हातोडी-ड्रिलच्या धुळीत, तासा-दीड तासात पूर्ण होते आणि म्हणून एसी बसवणारा कारागीर त्या यंत्राचा अर्धा निर्माता असतो. घरगुती वातानुकूलनाच्या खर्चाचा विचार करताना नेमकी हीच बाब नजरेआड होते. दुकानातील किमतीत पाचशे रुपये सुटावेत म्हणून चार दुकाने पालथी घालणारे कुटुंब बसवणीचा खर्च मात्र ‘वरचा खर्च’ म्हणून उरकून टाकते, वस्तुतः यंत्राचे आयुष्य, विजेचे बिल आणि दुरुस्तीचा पुढचा सारा हिशेब त्या तासा-दीड तासात ठरलेला असतो.

वातानुकूलनाचा आरंभ घरात झाला नाही. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देण्याचा नसून, दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई सरकत असे ती थांबवण्याचा होता. पुढे अमेरिकेत घरे लाकडी सांगाड्यांची आणि छतात पोकळी असलेली असल्याने एका मध्यवर्ती यंत्रातील थंड हवा पत्र्याच्या मार्गांनी, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत नेण्याची पद्धत रूढ झाली. लहान खोल्यांच्या जपानी घरांना ती सोयीची नव्हती. तेथे १९६० नंतरच्या दशकात यंत्राचे दोन तुकडे करून आवाज करणारा कॉम्प्रेसर घराबाहेर ठेवण्याची रचना विकसित झाली, आणि तोशिबा कंपनीने १९८१ साली घरगुती इन्व्हर्टर एसी बाजारात आणला. इन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था. तिच्यामुळे कॉम्प्रेसर वारंवार पूर्ण बंद होऊन पुन्हा पूर्ण जोराने सुरू होण्याऐवजी संथपणे चालत राहतो. भारतात १९४३ साली मुंबईत स्थापन झालेली ब्लू स्टार आणि १९५४ साली टाटा व स्विस फोल्कार्ट बंधू यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली व्होल्टास या कंपन्यांनी हे तंत्र रुजवले. पण येथील घरे विटा-सिमेंटची आणि सपाट स्लॅबची असल्याने डक्टची पद्धत घरांत कधी शिरलीच नाही. आधी खिडकीतला एसी आला, मग स्प्लिट.

यंत्र निवडताना पहिला प्रश्न ‘किती टनाचा’ हा असतो, आणि या टनाचा यंत्राच्या वजनाशी काहीही संबंध नसतो. बर्फ हाच गारव्याचा एकमेव साठा होता त्या काळातले हे माप आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या एककात ती सुमारे साडेतीन किलोवॉट भरते. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि दीडशे-पावणेदोनशेच्या खोलीला दीड टन हा बाजारातला ढोबळ आडाखा आहे. पण वर उघडी गच्ची असलेली शेवटच्या मजल्यावरची खोली आणि तितकीच मोठी पण मधल्या मजल्यावरची खोली यांची गरज एक नसते. पश्चिमेची काचेची खिडकी, माणसांची संख्या, गच्चीवर चायना मोजॅक आहे की उघडे काळे डांबरी आवरण, या प्रत्येक गोष्टीने हिशेब बदलतो.

‘असू दे थोडा मोठा’ या विचाराने घेतलेला जादा क्षमतेचा एसी कोकणपट्टीत तर उलटाच ठरतो. तेथे उकाड्याचे मूळ तापमानाइतकेच दमटपणात असते. हवेतील बाष्पाचे पाणी करण्यासाठी त्याचा अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता अवस्था बदलताना बाहेर पडणारी उष्णता, काढून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. मोठे यंत्र, विशेषतः इन्व्हर्टर नसलेले, खोली पटकन गार करते आणि बाष्प पुरते निघण्याआधीच थांबते. मग खोली थंड पण चिकट राहते आणि रिमोटवरचा आकडा खाली खाली नेला जातो. विदर्भातील चित्र याच्या उलट आहे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात पाण्याचे बाष्पीभवन करून हवा थंड करणारा कूलर उत्तम चालतो, एसीच्या तुलनेत त्याला वीज फार थोडी लागते, आणि म्हणूनच तेथील अनेक घरांत एसी आला तरी कूलर माळ्यावर गेलेला नाही. हा शहाणपणाचा व्यवहार आहे. वातानुकूलनाचा खर्च कमी करण्याचा पहिला मार्ग अनेकदा यंत्र न घेण्यात किंवा उशिरा सुरू करण्यात असतो.

आता प्रत्यक्ष बसवणीकडे. दीड टनाचा स्प्लिट एसी साधारणपणे पस्तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान मिळतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने ही किंमत काहीशी उतरली आहे. बसवण्याची मूळ मजुरी हजार ते अठराशे रुपये असते, आणि जाहिरातींत ‘मोफत बसवणी’ म्हणतात ती एवढीच. बहुतेक यंत्रांसोबत सुमारे तीन मीटर तांब्याची नळी येते. इनडोअर आणि आउटडोअर भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून असतील तर ती पुरते, पण आउटडोअर गच्चीवर किंवा मागच्या बाजूच्या छज्ज्यावर न्यायचे झाले की मीटरमागे सातशे ते अकराशे रुपयांप्रमाणे नळी, तिचे आवरण आणि वायर यांचा खर्च चढू लागतो. आउटडोअरचे लोखंडी स्टँड, भिंतीला कोअर कटिंगने पाडलेले भोक, पाण्याचा ड्रेन पाइप, जुना एसी उतरवण्याची मजुरी, विजेचा दाब वरखाली होणाऱ्या भागांत स्टॅबिलायझर आणि मीटरपेटीपासून ओढलेली स्वतंत्र वायर असे एकेक जमा होत साध्या घरातही बसवणीचा आकडा सहा-सात हजारांवर आणि अवघड जागी पंधरा-वीस हजारांवर पोहोचतो. यांपैकी अनेक बाबींचे दर शहरागणिक आणि हंगामागणिक बदलतात, आणि एप्रिल-मेमध्ये ग्राहकाला घासाघीस करण्याची सवडच उरत नाही.

या सगळ्या यादीत ज्या दोन कामांवर यंत्राचे आयुष्य अवलंबून असते, त्यांचा उल्लेख बिलात बहुधा नसतो. पहिले काम नळीचे तोंड उमलवण्याचे, म्हणजे फ्लेअरिंगचे. दीड टनाच्या यंत्राला बहुधा पाव इंची आणि अर्धा इंची अशा दोन नळ्या लागतात. कटरने नळी सरळ कापायची, आतली कड रीमरने खरवडून काढायची, ती खरवडताना तोंड खाली धरायचे म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही, पितळी नट आधीच नळीवर चढवून ठेवायचा आणि मग शंकूच्या आकाराच्या अवजाराने तोंड फाकवून त्याला कर्ण्याचा आकार द्यायचा. हा कर्णा एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ झाला, त्यावर ओरखडा राहिला किंवा नट अंदाजाने करकचून आवळल्यामुळे तो चिरला, तर गॅस त्या दिवशी गळत नाही. सहा-आठ महिन्यांनी, पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, यंत्र ‘थंड करत नाही’ अशी तक्रार येते. किती बळाने नट आवळायचा याचे आकडे प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि त्यासाठी टॉर्क पाना नावाचे साधन मिळते, पण घरोघरी जाणाऱ्या पिशवीत ते क्वचितच दिसते.

दुसरे काम निर्वात करण्याचे. नळ्या जोडल्यावर त्यांत साधी हवा आणि हवेतले बाष्प अडकलेले असते. व्हॅक्यूम पंप लावून ते वीस-पंचवीस मिनिटे खेचून काढावे लागते, मग पंप बंद करून गेजचा काटा जागचा हलत नाही ना हे पाहावे लागते, आणि त्यानंतरच आउटडोअरमध्ये कोंडलेला गॅस सोडायचा असतो. याऐवजी आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून त्यातल्याच गॅसच्या झोताने हवा बाहेर ढकलण्याची पद्धत सर्रास दिसते, कारण तिला काही सेकंद पुरतात. आत राहिलेले बाष्प कॉम्प्रेसरच्या तेलाशी आणि प्रशीतकाशी मिळून हळूहळू आम्ल तयार करते, ते मोटारीच्या वेटोळ्यांवरचे आवरण खाते. आत राहिलेली हवा द्रवरूप होत नसल्याने दाब वाढवते आणि वीज जास्त लागते. कारागिराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. अनेक ठिकाणी त्याला बसवलेल्या यंत्रामागे पैसे मिळतात, मे महिन्यात दिवसाला चार-पाच घरे करायची असतात, आणि प्रत्येक घरी वीस मिनिटे पंप चालवणे म्हणजे एका घराची मजुरी गमावणे असते. मजुरीची ही रचनाच चांगले काम महाग आणि घाईचे काम फायद्याचे ठरवते, आणि तिची जबाबदारी कंपन्या व विक्रेते यांच्यावर आहे.

गळणाऱ्या गॅसची किंमत ग्राहकापुरती अडीच ते साडेतीन हजार रुपये असते, पण ती तेवढ्यावर थांबत नाही. ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा आर-२२ हा गॅस १९८७च्या माँट्रियल करारानुसार मागे पडत गेला; त्याची जागा आर-४१०ए आणि नंतर आर-३२ यांनी घेतली, जे ओझोनला बाधक नाहीत पण वातावरण तापवतात. एखादा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत किती पट उष्णता अडकवतो ते सांगणारा आकडा आर-४१०एसाठी सुमारे दोन हजार आणि आर-३२साठी ६७५ धरला जातो. आर-३२ वापरणाऱ्या दीड टनाच्या यंत्रात साधारण पाऊण ते एक किलो गॅस असतो. म्हणजे एका सैल नटामधून तो सगळा उडून गेला तर पाचशे ते पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखे होते. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार, जिला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली, अशा वायूंचा वापर २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. गोदरेजने २०१२पासून वापरात आणलेला आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, हवामानाच्या दृष्टीने जवळपास निरुपद्रवी आहे. मात्र तो ज्वलनशील असल्याने त्याच्या बसवणीत हलगर्जीपणाला मुळीच जागा नाही. आर-३२ही सौम्य ज्वलनशील आहे, हे फार थोड्या ग्राहकांना सांगितले जाते.

विजेचा खर्च दोन टप्प्यांत येतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने दीड ते पावणेदोन किलोवॉट वीज घेते, तेव्हा त्याला पंख्या-दिव्यांच्या वायरवर लटकवणे धोक्याचे असते. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, तिचा स्वतःचा एमसीबी आणि खरे अर्थिंग हवे. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत किंवा तालुक्याच्या गावी जुन्या घरांत हे काम यंत्राच्या बसवणीपेक्षा महाग पडू शकते, आणि मंजूर भार अपुरा असेल तर वीज कंपनीकडे तो वाढवून घेण्याचा अर्जही करावा लागतो. नंतरचा टप्पा मासिक बिलाचा. महाराष्ट्रात घरगुती वीज चढत्या टप्प्यांच्या दराने आकारली जाते. शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे ओलांडताना दर वाढत जातो आणि एसीची युनिटे नेहमीच्या वापरावर चढत असल्याने ती नेमकी महागड्या टप्प्यात पडतात.

यंत्राची वीजबचत दाखवणाऱ्या ताऱ्यांच्या लेबलाकडे या दृष्टीने पाहावे. त्यावरील वार्षिक युनिटांचा आकडा वर्षाला १६०० तास वापर गृहीत धरून काढलेला असतो. तीन तारे आणि पाच तारे यांच्या दीड टनी यंत्रांत समजा दोनशे युनिटांचा फरक आहे आणि युनिटमागे बारा रुपये पडतात, तर वर्षाला चोवीसशे रुपये वाचतात आणि किमतीतला आठ हजारांचा फरक साडेतीन वर्षांच्या आत भरून निघतो. पण तेच यंत्र फक्त उन्हाळ्याचे तीन महिने रात्री आठ तास चालत असेल, तर वापर ७२० तासांवर येतो आणि तोच फरक भरून निघायला सात वर्षांहून अधिक लागतात. मुंबईत वर्षाचे आठ महिने एसी लावणाऱ्या घराने पाच तारे घ्यावेत. नाशिकला एप्रिल-मेपुरता तो लावणाऱ्या घराने जादा पैसे नळी, वायर आणि गच्चीचा पांढरा लेप यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे. २०२०पासून नव्या यंत्रांचे सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले, तो निर्णय स्वागतार्ह होता. २४ अंश आणि हळू फिरणारा पंखा यांत बहुतेकांना शांत झोप लागते.

आउटडोअर कुठे बसते यावर मात्र कोणताही तारा लागू नाही. शहरी इमारतींतल्या अरुंद चौकात वर-खाली दहा-बारा आउटडोअर एकमेकांच्या गरम हवेत श्वास घेतात, तेव्हा सर्वांत वरचे यंत्र बाहेरच्या तापमानापेक्षा कितीतरी तापलेल्या हवेत चालते. समुद्राजवळ खारी हवा, नाल्याजवळ गंधकयुक्त वायू धातूची जाळी आणि तांबे कुरतडतात. शिवाय ज्या जागी यंत्र ठेवले त्या जागी दर वर्षी कोणीतरी सफाईला पोहोचले पाहिजे. नवव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पाय टाकून, एका हाताने ग्रिल धरून जड यंत्र स्टँडवर सरकवणारे कारागीर प्रत्येक उपनगरात दिसतात, आणि अनेकदा त्यांच्या कमरेला पट्टाही नसतो. नकाशा मंजूर करतानाच आउटडोअरसाठी आतून पोहोचता येईल असा सज्जा सक्तीचा करणे बिल्डरला फारसे महाग नाही. गृहनिर्माण संस्थांनीही दर्शनी भागाच्या सौंदर्याचे नियम करताना सुरक्षा पट्टा अडकवण्यासाठी भिंतीत पक्की कडी बसवण्याचा ठराव केला, तर तो अधिक उपयोगाचा ठरेल.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी देणाऱ्या कंपन्या बसवणीच्या सांध्यातून झालेली गळती बहुधा त्या हमीत धरत नाहीत, त्यामुळे बसवणीचे बिल हाच ग्राहकाकडचा एकमेव पुरावा उरतो. त्यावर आज मजुरी आणि नळीचे मीटर लिहिलेले असतात. पंप किती मिनिटे चालला, गेजवर किती निर्वात दिसला आणि जादा नळीसाठी किती ग्रॅम गॅस भरला, एवढ्या तीन नोंदी त्याच कागदावर मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. ठरावीक लांबीपुढे प्रत्येक मीटरला किती ग्रॅम गॅस वाढवायचा, हे यंत्राच्या पुस्तिकेत छापलेलेच असते.