ड्राय टोर्टुगास: भर समुद्रातला विटांचा किल्ला

फ्लोरिडाला जाणार असाल तर की वेस्टच्या पश्चिमेला सुमारे 110 किलोमीटरवरचं ड्राय टोर्टुगास नॅशनल पार्क यादीत घ्याच. रस्ता नाही, फेरीबोट, नाहीतर सी-प्लेन. बोटीला सव्वादोन तास लागतात, तिकिटं मात्र खूप आधी काढा.

पार्कचा 99 टक्के भाग पाणीच. तरी नजर खिळते ती गार्डन की बेटावरच्या फोर्ट जेफरसनवर. दीड कोटीहून जास्त विटांचा षट्कोनी किल्ला! 1846 मध्ये काम सुरू झालं, तीसेक वर्षं चाललं आणि अर्धवटच राहिलं. बेटावर गोडं पाणी नाही, म्हणून पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या. बांधकामाच्या भाराने जमीन खचली, टाक्यांना तडे गेले, खारं पाणी आत शिरलं. सगळी हुशारी पाण्यात!

पुढे इथे कैदी ठेवले. लिंकनच्या मारेकऱ्याच्या मोडलेल्या पायावर उपचार करणारा डॉ. सॅम्युअल मड त्यांतलाच. 1867 मध्ये पीतज्वराची साथ आली, लष्करी डॉक्टर दगावला, तेव्हा रुग्णांना मडनेच सांभाळलं. 1869 मध्ये त्याला माफी मिळाली. माझ्या मते त्याची कोठडी बघितल्याशिवाय किल्ला सोडूच नये.

उरलेला वेळ स्नॉर्केलिंगला द्या. खंदकाच्या भिंतीलगत प्रवाळ आणि मासे छान दिसतात. शेजारचं बुश की बेट पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असतं. तंबूत मुक्काम करता येतो, पण पिण्याचं पाणी आपलं आपणच न्यायचं आणि कचराही परत आणायचा. मोबाइलला रेंज नाही, घरी आधीच सांगून ठेवा.