रकान्याची मर्यादा आणि अक्षराची मोजणी

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीसाठी लागणारी माहिती आता पुष्कळदा कागदी पत्रिकेऐवजी संगणकाच्या पडद्यावरील प्रपत्रात भरली जाते. प्रपत्र आखणारा तंत्रज्ञ असतो आणि भरणारा अभ्यासक. परंतु कोणती माहिती टिकेल व कोणती गळेल, हे बव्हंशी आखणीतच ठरून गेलेले असते. म्हणून अशी प्रपत्रे ज्या एचटीएमएल नामक खूणभाषेत लिहिली जातात, तिच्यातील ‘इनपुट’ या घटकाची ओळख साहित्याच्या अभ्यासकानेही करून घेणे अगत्याचे आहे.

‘इनपुट’ म्हणजे प्रपत्रातील रिकामा रकाना. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तो आढळतो. त्याला अर्थ येतो तो त्याला जोडलेल्या गुणधर्मांमुळे. ‘टाइप’ हा गुणधर्म माहितीचा प्रकार ठरवितो: मजकूर, संख्या, दिनांक इत्यादी. ‘नेम’मुळे रकान्याला नाव मिळते, ज्याला हे नाव नाही, त्यातील मजकूर पडद्यावर कितीही ठळक दिसला तरी प्रपत्राबरोबर पाठविला जात नाही. ‘रिक्वायर्ड’ लावल्यास रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. ग्रंथाचा कर्ता अज्ञात असेल तर हा आग्रह अभ्यासकाला काहीतरी खोटे लिहावयास भाग पाडतो.

भारतीय लिप्यांच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय गुणधर्म ‘मॅक्सलेंग्थ’ हा होय. रकान्यात जास्तीत जास्त किती चिन्हे टंकता येतील, हे तो सांगतो. मात्र त्याची मोजणी अक्षरांची नव्हे, तर युनिकोडच्या सोळा बिटांच्या एककांची असते. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. यंत्राच्या हिशेबी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी अशी ती ११ एकके होतात. मर्यादा १० ठेवली असेल, तर शेवटची वेलांटी उमटणार नाही आणि रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ राहील. ग्रंथाच्या जागी ग्रंथकार येईल, आणि नोंद शुद्ध दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही! मोडीची स्थिती याहून बिकट आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या या लिपीचे प्रत्येक चिन्ह दोन एककांचे असल्याने हाच शब्द तेथे २२ एकके व्यापतो. ग्रंथनामाच्या रकान्याला मर्यादा न घालणे, अथवा ती फार सैल ठेवणे, हेच इष्ट.

‘पॅटर्न’ हा गुणधर्म मजकुराचा साचा ठरवितो. त्यात केवळ रोमन वर्ण असतील तर देवनागरी नाव नाकारले जाते, हे उघडच आहे. परंतु मराठी प्रपत्रासाठी ‘अ ते ह’ असा साचा लिहिणाराही फसतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त ही चिन्हे त्या पट्ट्याबाहेर असल्यामुळे ‘कमल’ स्वीकारले जाते आणि ‘तुकाराम’ परत येते. साच्यात देवनागरीचा संपूर्ण पट्टा घ्यावा लागतो.

‘डेट’ हा प्रकार तर हस्तलिखितांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याला ग्रेगरी पंचांगातील वर्ष, महिना व दिवस ही तिन्ही अंगे हवी असतात. शके १२१२ म्हणजे सुमारे इ. स. १२९०, एवढे अभ्यासक जाणतो; पण केवळ वर्ष, अथवा केवळ संवत्सर व तिथी, यांना तेथे जागा नाही. पुष्पिकेतील काळ साध्या मजकुराच्या रकान्यात जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि इसवी सनातील अनुमान शेजारच्या निराळ्या रकान्यात द्यावे.

लिपीची नोंदही विचारपूर्वक आखावी लागते. ‘रेडिओ’ प्रकारात एकाच ‘नेम’च्या पर्यायांपैकी एकच निवडता येतो, ‘चेकबॉक्स’मध्ये अनेक. ज्या पोथीत मजकूर बाळबोधीत आणि मागील टिपणे मोडीत आहेत, तिची नोंद ‘रेडिओ’ने अर्धीच होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांच्या सान्निध्यात मराठी हस्तलिखिते नांदतात. अशा बहुभाषिक संग्रहाच्या सूचीत तर लिपी आणि भाषा हे दोन रकाने वेगळे असावेत, आणि दोन्ही ‘चेकबॉक्स’चे असावेत.