न आलेल्या विमानाची ओढ

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटाची चढण लागण्यापूर्वी, खोपोलीजवळ, जो शिळफाटा लागतो, त्याच्या आसपासचा कर्जत-खालापूरचा मुलूख दीड शतकाहून अधिक काळ परक्या वेगाच्या वाटेवर वसलेला आहे. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युतगृह उभे राहिले आणि सह्याद्रीवरून कोसळणाऱ्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली. २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि येथील शेतांच्या बांधांना लागून मोटारींचा अखंड लोंढा वाहू लागला. आकाशाची स्थितीही याहून वेगळी नाही. मुंबईस उतरणारी व मुंबईहून निघालेली विमाने या डोंगररांगांवरून अहोरात्र ये-जा करीत असतात, आणि पनवेलच्या बाजूस नवी मुंबईचा विमानतळ झाल्यामुळे ही वर्दळ यापुढे वाढतच जाणार आहे.

अशा मुलखात विमानांचा छंद जडलेली माणसे निपजावीत हे स्वाभाविकच होय. परंतु हे छंदिष्ट, मग ते घाटाखालचे असोत, पुण्याचे असोत की न्यू जर्सीस जाऊन स्थायिक झालेले असोत, एकत्र जमले म्हणजे ज्या विमानाचे नाव निघताच त्यांचा स्वर बदलतो, त्या विमानात त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पाऊल ठेवलेले नसते, आणि ते विमान सेवेतून निवृत्त होऊन आता दोन दशके उलटून गेली आहेत. ध्वनीहून दुप्पट वेगाने उतारूंना नेणारे कॉन्कॉर्ड ते हेच. त्याच्याविषयीची ही हळहळ केवळ श्रीमंतांच्या एका गतवैभवाची आठवण आहे, असे मानून तिची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते.

ब्रिटन व फ्रान्स यांच्या सरकारांनी २९ नोव्हेंबर १९६२ रोजी करार करून या विमानाचे काम हाती घेतले. २ मार्च १९६९ रोजी फ्रान्समधील तुलूझ येथून त्याचे पहिले उड्डाण झाले, आणि २१ जानेवारी १९७६ रोजी लंडनहून बहारीनला व पॅरिसहून डाकारमार्गे रिओला अशी त्याची उतारू-वाहतूक एकाच दिवशी सुरू झाली. रशियाचे तुपोलेव्ह १४४ हे त्याच जातीचे विमान त्याच्याही आधी, १९६८ च्या अखेरच्या दिवशी, उडाले होते. पण उतारू घेऊन ते अवघे काही महिने चालले. कॉन्कॉर्डने मात्र सत्तावीस वर्षे नोकरी बजावली. शंभर उतारू घेऊन, अठरा किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २,१५० किलोमीटर वेगाने ते अटलांटिक महासागर साडेतीन तासांत ओलांडीत असे. लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेला माणूस न्यूयॉर्कला पोहोचे, तेव्हा तेथील घड्याळात साडेनऊच्या सुमारास काटा असे. पृथ्वीच्या फिरण्याहूनही त्याची गती अधिक होती.

विमानप्रेमी मनुष्य वेगाच्या या आकड्यापाशी फार वेळ थांबत नाही. त्याचे मन गुंतते ते हा वेग साधण्यासाठी माणसांनी काय काय केले, यात. ध्वनीच्या दुप्पट वेगाने आत घुसणारी हवा कोणत्याही इंजिनास पचत नाही. म्हणून इंजिनापुढच्या काही हात लांबीच्या बोगद्यात हलत्या फळ्या बसवून तिचा वेग ध्वनिवेगाच्या निम्म्यावर आणावा लागे, आणि हे काम क्षणोक्षणी, यत्किंचितही चूक न होता, व्हावे लागे. ध्वनिवेग ओलांडताना पंखांवरील हवेच्या दाबाचे केंद्र मागे सरके. त्यावर उपाय म्हणून कित्येक टन इंधन पुढच्या टाक्यांतून शेपटाकडच्या टाकीत पंपाने ढकलून विमानाचा तोल राखला जाई, आणि वेग उतरताना ते पुन्हा पुढे आणले जाई. उतरताना विमानाचे तोंड इतके वर असे की वैमानिकास धावपट्टीच दिसू नये. म्हणून ते लांबट नाकच खाली झुकेल अशी योजना होती.

हवेच्या घर्षणाने नाकाच्या टोकाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे, १२७ अंशांपर्यंत जाई, आणि सारे विमान तापून लांबीने एक वीतभर वाढे. ही वाढ डोळ्यांनी पाहता येण्याजोगी एक जागा होती. वैमानिकांच्या पाठीमागे उजव्या हातास उड्डाण-अभियंत्याचा घड्याळांनी भरलेला फलक असे. जमिनीवर असताना तो फलक व त्याच्या शेजारची भिंत यांमध्ये फट अशी नसे, पण वर जाऊन विमान तापले की तेथे हाताचा पंजा सहज जाईल एवढे अंतर पडे. शेवटच्या फेऱ्यांच्या वेळी काही अभियंत्यांनी आपली गणवेषाची टोपी त्या फटीत ठेवून दिली. विमान थंड झाले, फट मिटली, आणि टोपी तेथेच अडकून राहिली. ते विमान पुन्हा त्या वेगाने उडेल तेव्हाच ती सुटायची, आणि ते तर उडणार नव्हते. यंत्राचा व माणसाचा असा निरोप मला दुसरा ठाऊक नाही.

आता आपल्याकडचा भाग. कॉन्कॉर्ड विकत घेण्याचा हक्क ज्या विमान-कंपन्यांनी आरंभी राखून ठेवला, त्यांत मुंबईत मुख्य कचेरी असलेली एअर इंडिया होती. तिच्या नावे दोन विमानांची नोंद होती. ज्या टाटा घराण्याने घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पाण्यातून वीज काढली, त्याच घराण्यातील जे. आर. डी. टाटा त्या वेळी एअर इंडियाचे अध्यक्ष होते, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपालाच्या थैल्या घेऊन लहानशा पस मॉथ विमानातून एकट्याने आलेला हा मनुष्य नव्या यंत्राच्या हाकेस बहिरा असणे शक्यच नव्हते. १९६० साली त्यांनी बोइंग ७०७ आणले आणि १९६२ पर्यंत एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा करून दाखविला. त्या क्रमाने पाहता पुढची पायरी ध्वनीपलीकडचीच होती, आणि त्या काळी जगातल्या थोर थोर कंपन्यांचा अदमासही तोच होता.

पण दशक उलटता उलटता जमाखर्चाचे आकडे फिरले. एकाच विमानात साडेतीनशे माणसे बसविणारे बोइंग ७४७ निघाले आणि १९७१ च्या एप्रिलात ‘एम्परर अशोक’ हे त्या जातीचे एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईस उतरले. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेतील पॅन ॲम व टी. डब्ल्यू. ए. या कंपन्यांनी कॉन्कॉर्डची मागणी सोडून दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचे भाव भडकले आणि उतारूमागे कित्येक पट इंधन खाणारे यंत्र परवडेनासे झाले. एकामागून एक बहुतेक सगळ्या कंपन्या मागे हटल्या, आणि एअर इंडियाच्या नावाची दोन विमाने कागदावरच राहून गेली. अखेर एकूण वीस कॉन्कॉर्ड बांधली गेली व त्यांतील चौदा दोन देशांच्या सरकारी कंपन्यांनी चालविली.

इंधनाहूनही मोठी एक अडचण होती, आणि ती जमिनीवर राहणाऱ्यांची होती. ध्वनीहून वेगाने जाणारे विमान हवेवर जो आघात करते, त्याची लाट शंकूच्या आकाराने मागे पसरत जमिनीस टेकते आणि तोफ सुटावी तसा धडाका ऐकू येतो. पुष्कळांची समजूत अशी असते की, हा आवाज ध्वनिवेग ओलांडण्याच्या त्या एका क्षणीच होतो. वास्तविक विमान जोवर त्या वेगात आहे तोवर त्याच्या वाटेखालच्या प्रत्येक गावावर तो क्रमाने कोसळत जातो. अठरा किलोमीटर उंचीवरील विमानाच्या बाबतीत या पट्ट्याची रुंदी ऐंशी ते शंभर किलोमीटरपर्यंत भरते. मुंबईहून दख्खनवरून पूर्वेकडे जाणारी अशी एक वाट खालापूरच्या माथ्यावरून आखली, तर उत्तरेस मुरबाडपासून दक्षिणेस रोह्यापर्यंतचा सारा टापू त्या धडाक्याखाली येतो. माथेरानच्या बंगल्यांच्या काचा, कर्जतच्या शाळा, पाळण्यात निजलेली पोरे, दावणीची गुरे, यांपैकी कोणासही त्या विमानाचे तिकीट मिळणार नव्हते.

भारत सरकारने आपल्या भूमीवरून ध्वनीपलीकडच्या वेगाने जाण्यास मुभा दिली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. अमेरिकेनेही १९७३ साली नागरी विमानांस आपल्या हद्दीत अशीच मनाई केली. मात्र त्या नकाराची किंमत कॉन्कॉर्डला आपल्याच बाजूच्या समुद्रावर मोजावी लागली. ९ डिसेंबर १९७७ रोजी बहारीन ते सिंगापूर अशी फेरी सुरू झाली. विमानाची डावी बाजू सिंगापूर एअरलाइन्सच्या रंगांत व उजवी ब्रिटिश एअरवेजच्या रंगांत रंगविलेली होती. मलेशियाने हरकत घेतल्याने तीन फेऱ्यांनंतरच ती तहकूब झाली, १९७९ च्या जानेवारीत पुन्हा चालू झाली, आणि भारतावरून वेग घेता येत नसल्याने वळसा व तोटा दोन्ही सोशीत १ नोव्हेंबर १९८० रोजी कायमची बंद पडली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एअर फ्रान्सचे कॉन्कॉर्ड जळत कोसळले आणि ११३ माणसे प्राणास मुकली. सुधारणा करून पुढल्या वर्षी उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तरी उतारू व पैसा पूर्ववत परतले नाहीत. मे २००३ मध्ये फ्रान्सने व २४ ऑक्टोबर २००३ रोजी ब्रिटनने उतारू-सेवा थांबविली, आणि २६ नोव्हेंबरला शेवटचे विमान ज्या गावी बांधले गेले त्या फिल्टनला जाऊन उभे राहिले.

यंत्रांची निवृत्ती ही रोजची बाब आहे. कर्जतच्या लोकांस ते सांगावयास नको. घाट चढविण्यासाठी गाडीस मागून जोडली जाणारी इंजिने त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत, आणि ज्याला रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत, त्या विजेच्या जुन्या मालइंजिनाच्या चाकांवरील दांड्यांची लय आठवून आजही काही वृद्धांचे डोळे चमकतात. परंतु खेकडा गेला तेव्हा त्याहून समर्थ इंजिन त्याच रुळांवर उभे होते. एअर इंडियाच्या शेवटच्या ७४७ विमानांपैकी एक २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून सुटे भाग काढण्यासाठी अमेरिकेस निघाले आणि उडताच वैमानिकाने त्याचे पंख डावीउजवीकडे झुकवून शहराचा निरोप घेतला, तेव्हा असंख्य लोक हळवे झाले. तरी ७४७ ज्या वेगाने जात असे, त्याच वेगाने आजची विमाने जातात. कॉन्कॉर्डच्या जागी मात्र कोणीही आले नाही. जी गोष्ट १९७६ साली सामान्य वेळापत्रकात छापली जात होती, ती २००३ नंतर जन्मलेल्या मुलास कितीही पैसे मोजून मिळत नाही. मनुष्यजातीने एकदा हस्तगत केलेली एक कुवत आपल्या डोळ्यांदेखत हातची गेली, हे या विमानप्रेमींच्या दुःखाचे खरे मूळ आहे. आणि त्यात मला पोरकटपणा दिसत नाही.

सिंगापूरच्या रंगांत रंगून आपल्या किनाऱ्याला वळसा घालून जाणारे ते विमान आज न्यूयॉर्कला हडसन नदीच्या काठी, इंट्रेपिड संग्रहालयात उभे आहे. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर दोन तास बावन्न मिनिटे एकोणसाठ सेकंदांत कापून उतारू-विमानांचा उच्चांक करणारे विमानही तेच. २०२३-२४ मध्ये ते दुरुस्ती व रंगकामासाठी तराफ्यावरून नेऊन पुन्हा जागेवर आणले गेले. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांना ते नदीपलीकडेच आहे, आणि मायदेशाहून आलेल्या पाहुण्यांस न्यूयॉर्क दाखविताना त्यांनी तेथे अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा. आत गेल्यावर पंजाएवढ्या लहान खिडक्या व अरुंद आसने पाहून हा राजवाडा नव्हता, एवढे तरी ध्यानात येईल.

२८ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील बूम या कंपनीचे एक्सबी-१ हे छोटे प्रायोगिक विमान मोहावीच्या वाळवंटावर ध्वनिवेगापलीकडे गेले, आणि नासा ही संस्था धडाक्याचा नुसता ठोका व्हावा अशा आकाराचे एक्स-५९ हे विमान पारखीत आहे. हे प्रयत्न फळास आले, तर भूमीवरून वेगाने जाऊ देण्याचा अर्ज दिल्लीच्या दप्तरात पुन्हा दाखल होईल. त्या वेळी त्यावर शेरा मारण्यापूर्वी आवाजाचे मोजमाप घेणारी यंत्रे कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर मांडली जावीत, आणि त्या यंत्रांपाशी बसून आकडे टिपून घेण्यास येथील विमानवेड्या मुलांनाच बोलवावे.