हिंवताप व रक्तांतील संरक्षक पेशी

धान्यवाटपासाठीं दिलेल्या द्रव्यांतून मच्छरदाण्या व औषधें कां घ्यावीं, अशी पृच्छा कांहीं देणगीदार सद्गृहस्थांनीं केली आहे. पृच्छा रास्त आहे. मी वैद्य नव्हे, वकील आहें. तथापि वाचून व विचारून जें समजलें तें येथें मांडतों.

डास चावल्यावर हिंवतापाचे जंतु प्रथम यकृतांत जातात. तेथें आठवडाभर किंवा अधिक काळ ते गुपचूप वाढतात आणि मग रक्तांतील तांबड्या पेशींत शिरतात. १८८० सालीं लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरानें अल्जीरियांत ते प्रथम पाहिले ते रक्तांतच. जंतूनें आश्रयस्थान मोठ्या धूर्तपणें निवडलें आहे. शरीरांतील बहुतेक पेशी, आंत परका शिरल्यास, त्याची खूण आपल्या पृष्ठभागावर मांडून पहारेकऱ्यांस इशारा देतात. तांबड्या पेशींस ही सोय नाहीं. पेशींतील लाल द्रव्य खाऊन जंतु वाढतो, एकाचे अनेक होतात, आणि नेहमींच्या प्रकारांत सुमारें ४८ तासांनीं ते पेशी फोडून बाहेर पडतात. थंडी वाजून ताप भरतो तो याच वेळीं.

तरी शरीर स्वस्थ बसत नाहीं. जंतु शिरलेली पेशी ताठर होते. प्लीहेंत, म्हणजे खेड्यांतील माणसें जिला पाणथरी म्हणतात तींत, रक्तास अतिशय अरुंद फटींतून जावें लागतें. निरोगी पेशी लवचीक असल्यामुळें निसटून जाते. ताठर पेशी अडकते व तेथील भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. हिंवतापाच्या मुलखांत मुलांच्या डाव्या कुशीस जो कठीण गोळा हातास लागतो, तो या श्रमानें वाढलेल्या प्लीहेचाच. घातक जातीच्या जंतूनें यावरही तोड काढली आहे. तो आपल्या पेशीस बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीस चिकटवून ठेवतो, म्हणजे ती प्लीहेपर्यंत पोहोंचतच नाहीं. मेंदूंतील वाहिन्या अशा तुंबल्या कीं रोगी बेशुद्ध होतो.

पांढऱ्या पेशींपैकीं दुसरा एक वर्ग प्रतिद्रव्यें निर्माण करतो. तीं जंतूस चिकटून नव्या पेशींतील त्याचा प्रवेश रोखतात व भक्षक पेशींस त्याची ओळख पटवितात. १९६१ सालीं गँबियांत प्रौढांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिद्रव्यें आजारी मुलांस टोंचलीं असतां त्यांच्या रक्तांतील जंतु झपाट्यानें घटले. परंतु ही विद्या शरीरास वारंवार ताप सोसून, वर्षानुवर्षांनीं साधते. लहान मूल तोंवर उघडेंच.

आतां दुष्काळाचा संबंध. या पेशी व द्रव्यें अन्नांतूनच घडतात, आणि फुटलेल्या तांबड्या पेशींची तूट उपाशी शरीरास भरून काढतां येत नाहीं. १९०८ सालीं पंजाबांत धान्य महाग असतांच अतिवृष्टि झाली, व हिंवतापानें सुमारें ३ लाख माणसें नेलीं. ख्रिस्टोफर्स यांनीं १९११ च्या आपल्या अहवालांत पावसाबरोबर धान्याच्या भावासही कारणांत गणलें. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत मृत्यूंचा कळस झाला तो डिसेंबरांत, नवें भात हातीं येऊं लागल्यावर. आणि मारणाऱ्या रोगांत हिंवताप अग्रभागीं होता.

याच कारणास्तव समितीनें पाऊस पडल्यावर केंद्रें बंद न करितां तेथें धान्याबरोबर मच्छरदाण्या व औषधें ठेविलीं. खर्चाचा तपशील पुढील पृष्ठावर दिला आहे.