उष्णतेची हमाली

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या कूलरवर लिहावे, हे पाहून काही मित्र हसतील. परंतु गेल्या मे महिन्यात याच विषयाने मला चांगलेच कोंडीत पकडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोपरखैरण्यातील एका फोटो स्टुडिओत मी संध्याकाळी काम करतो. ऐन लग्नसराईत तेथील संगणक मध्येच बंद पडू लागला. दोष माझ्या हाताला लागला, आणि काम सुटण्याची वेळ आली. दुरुस्ती करणाऱ्याने खरे कारण दाखवले : प्रोसेसर तापत होता. मालकांनी मोठा एअर कूलर बसवून घेतला. घरातल्या कूलरसारखा हा गार वारा सोडणार, अशी माझी समजूत होती. तसे मुळीच नाही. हा कूलर थंडावा निर्माण करीत नाही. उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेतो.

माझे वडील वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. त्यामुळे ही रचना मला हमालीच्या भाषेतच उमगली.

इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची वीज घेण्याची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. ही जवळजवळ सारी वीज पोस्टाच्या तिकिटाहून लहान जागेत उष्णता होऊन बसते. तिला उचलण्यासाठी कूलरचा तांब्याचा तळ प्रोसेसरवर घट्ट बसवतात. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी मध्ये सूक्ष्म फटी राहतात. त्यांतील हवा उष्णता अडवते, म्हणून तेथे विशिष्ट लेप लावतात.

तळातून तांब्याच्या नळ्या वर जातात. त्या भरीव नसतात. आतील हवा काढून त्यांत थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने हे पाणी थोड्या उष्णतेनेही वाफ होते. वाफ वर जाते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीत तेल चढावे तसे नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून तळाशी परतते. ओझे टाकून रिकाम्या पाठीने परत ट्रककडे येणाऱ्या माथाड्यासारखीच ही येरझार! अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी तयार केली.

नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची थप्पी असते. पट्ट्या जितक्या अधिक, तितका हवेला स्पर्श अधिक. पण फार दाट झाल्या तर वारा अडतो आणि धूळ साचते. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेसा वारा देतो आणि आवाज कमी करतो. मात्र आकाराबरोबर वजन वाढते. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-डी१५ या २०१४ सालच्या कूलरला ६ नळ्या आणि १४० मिलिमीटरचे २ पंखे आहेत. वजन १३२० ग्रॅम! एवढे ओझे उभ्या मदरबोर्डवर टांगायचे, तर मागून भक्कम पट्टी द्यावी लागते.

इतके करूनही आमचा संगणक पुन्हा बंद पडला. रात्री जेवताना वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “माल उतराय जागा हाय का? गाळा भरला की पाठ कितीबी दणकट असू दे, रांग तिथंच थांबती.”

दुसऱ्या दिवशी पाहिले, तर संगणक बंद लाकडी कपाटात! कूलरने बाहेर टाकलेली गरम हवा तोच पुन्हा ओढत होता. हवा ३५ अंशांची असेल, तर या कूलरने प्रोसेसर ३५ च्या खाली जाऊच शकत नाही. कोंडलेली हवा ४५ अंशांवर गेली, की प्रोसेसरही तितकाच अधिक तापतो. संगणक कपाटाबाहेर काढला, खिडकी उघडली, आणि माझे काम वाचले. गरम वारा मात्र आता माझ्या पायांवर येतो.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. तेथेही यंत्रांची उष्णता शेवटी बाहेरच सोडावी लागते. त्या उष्णतेचा गाळा म्हणजे आपल्या नवी मुंबईची हवा. तो किती भरला आहे, हे विचारणे केवळ विज्ञान शाखेचे काम नव्हे, असे मला वाटते.