क्लिप एक, क्रमांक एक

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मार्ग कोणताही असो, ब्रॉडगेजवर रूळ स्लीपरला आवळून धरणारी ‘मार्क-३’ ही पोलादी क्लिप कुठल्याही कारखान्यात घडो, तिचं रेखाचित्र एकच: आरडीएसओ/टी-३७०१. ते सांभाळते लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था. या क्रमांकात गाव, मार्ग, कंत्राटदार यांपैकी काहीच नाही आणि तेच बरं. नाहीतर एकाच क्लिपला दहा नावं पडली असती. रेखाचित्रात दुरुस्ती झाली, तर मूळ क्रमांक तसाच राहतो, पुढचा ‘अल्टरेशन’चा आकडा तेवढा वाढतो. म्हणून निविदेत ‘ताज्या अल्टरेशनसह’ हे शब्द हवेतच. जड भारासाठीची ‘मार्क-५’ मात्र दुरुस्ती नव्हे, निराळीच क्लिप. तिचा क्रमांकही निराळा.